जुनी पिकअप आणि वजनाचा हिशेब

तुरीचे आणि हरभऱ्याचे पैसे हातात आले की वाशिम जिल्ह्यातल्या अनेक घरांत एक विचार डोकं वर काढतो: यंदा भाड्याची गाडी पुरे, आपलीच एक जुनी पिकअप घ्यावी. मग शोध सुरू होतो आणि थोड्याच दिवसांत एक कोडं समोर येतं. समजा, एकाच कंपनीच्या, एकाच वर्षी नोंदलेल्या दोन पिकअप उभ्या आहेत. एकीच्या मीटरवर ८० हजार किलोमीटर, दुसरीच्या मीटरवर १ लाख ८० हजार. पहिली नुकतीच रंगवलेली, तर दुसरीच्या फाळक्याचा रंग जागोजागी उडालेला. घेणाऱ्याचा जीव साहजिकच पहिलीवर बसतो. सोबत आणलेला जाणता मिस्त्री मात्र दोन्ही गाड्यांखाली वाकून पाहतो आणि दुसरी घ्या म्हणतो. एक लाख किलोमीटर जास्त पळालेली गाडी कमी झिजलेली कशी असेल?

याचं उत्तर मीटरच्या मर्यादेत आहे. मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो; त्या फेऱ्या होत असताना हौद्यात काय होतं, याची नोंद तो ठेवत नाही. कारचा जन्म धावण्यासाठी झालेला असतो, म्हणून कारचं वय किलोमीटरमध्ये मोजलं तर फारसं चुकत नाही. पिकअपचा जन्म वाहण्यासाठी झालेला असतो. बैलबाजारात जाणता शेतकरी दात पाहून बैलाचं वय ठरवतो, पण सौदा पक्का करण्याआधी जुवाखालच्या खांद्यावरून हात फिरवतो. वय दातांत दिसतं, ओढलेलं ओझं खांद्यावर. पिकअपच्या बाबतीतही जुनी गाडी निवडणं, तिची देखभाल करणं आणि तिच्यात बदल करणं या तिन्ही कामांचा धागा एकच आहे. या गाडीने किती वजन वाहिलं, किती वाहायला हवं होतं आणि यापुढे किती वाहणार, हा तो हिशेब.

पासिंगचा आकडा कुठून येतो

‘दीड टन पासिंग’ असं आपण सहज म्हणतो. हा आकडा आरसी बुकातल्या दोन वजनांच्या वजाबाकीतून येतो. एक रिकाम्या गाडीचं वजन आणि दुसरं मालासह एकूण वजन. समजा, रिकामी गाडी १,६५० किलोची आहे आणि एकूण वजनाची मर्यादा २,९५० किलो आहे. मग मालासाठी उरले १,३०० किलो, म्हणजे १३ क्विंटल. साठ किलोचा एक कट्टा धरला तर सोयाबीनचे एकवीस कट्टे. एकूण वजनात चालक, त्याच्या शेजारी बसलेला माणूस आणि टाकीतलं डिझेलही मोजलं जातं, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. जुन्या मालकाने जाड पत्र्याची जाळी, लोखंडी कॅरियर, पुढचा गार्ड असं सव्वाशे किलो लोखंड चढवलं असेल, तर एकवीस कट्ट्यांतले दोन कट्टे माल भरण्याआधीच गेले.

अनेक पिकअपचं एकूण वजन तीन टनांच्या थोडं आतच थांबतं, यामागे कायदाही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू गाडीला परवान्याची गरज नाही. गावातल्या छोट्या गाडीमालकासाठी ही मोठी सोय आहे. त्यामुळे याच गटात गाड्यांची दाटी दिसते. २००५ साली आलेली आणि ‘छोटा हत्ती’ नावाने घरोघरी पोहोचलेली टाटा एस पाऊण टनाच्या आसपास माल नेते. २०११ साली आलेली अशोक लेलँडची दोस्त सव्वा टनाच्या घरात आहे. महिंद्राची बोलेरो पिकअप निरनिराळ्या क्षमतांत मिळते. जुनी गाडी घेताना नुसत्या नावावर विसंबू नये. एकाच नावाच्या दोन गाड्यांची क्षमता वेगळी असू शकते आणि ती आरसी बुकातच कळते.

भार दीडपट, आयुष्य चौथाई

‘कंपनी आकडा हातचा राखूनच लिहिते, थोडं जास्त भरलं तर काय बिघडतं?’ हा आक्षेप नेहमी ऐकू येतो आणि त्यात अर्धं तथ्य आहे. दीड टनाच्या गाडीत दोन टन टाकले म्हणून ती जागेवर मोडत नाही; एका खेपेला तर काहीच जाणवत नाही. घोळ होतो तो पुनरावृत्तीने. धातू एका धक्क्याने तुटतो त्यापेक्षा कितीतरी कमी ताणाने, पण तोच ताण हजारो वेळा आला तर, तुटतो. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि मोठी जीवितहानी झाली, तेव्हा आस का तुटतात हा प्रश्न युरोपातल्या अभियंत्यांसमोर ऐरणीवर आला. पुढे जर्मन रेल्वे अभियंता ऑगस्ट व्योलर यांनी आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि दाखवून दिलं की धातूचं आयुष्य दोन गोष्टींवर ठरतं: ताण किती आणि तो किती वेळा आला. याला धातूचा थकवा म्हणतात. ताण थोडा वाढला की सोसता येणाऱ्या फेऱ्यांची संख्या त्याच प्रमाणात कमी होत नाही, ती कोसळते.

चाकाच्या बेअरिंगसाठी हा हिशेब आकड्यांत मांडता येतो. रोलर बेअरिंगचं आयुष्य भाराच्या सव्वातीन ते साडेतीनच्या दरम्यानच्या घाताने घटतं, असा अभियांत्रिकीतला मान्य नियम आहे. सोप्या शब्दांत, बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला तर आयुष्य निम्मं न होता सुमारे दहावा हिस्सा उरतं. भार दीडपट झाला तर साधारण चौथाई. पाटे, चेसिस, एक्सल यांचे घात वेगळे असतात, पण दिशा हीच. आता सुरुवातीचं कोडं पुन्हा तपासून पाहू. एक गाडी रोज कारंज्याहून अमरावतीला पोहे-बिस्किटांचे खोके नेत होती, तिने अंतर खूप कापलं पण भार नेहमी मर्यादेत राहिला. दुसरी गाडी नदीवरून रेती किंवा खदानीवरून गिट्टी नेत होती, अंतर जेमतेम दहा किलोमीटरचं, पण प्रत्येक खेपेला दुप्पट वजन. या रेतीवाल्या गाडीच्या मीटरवर आकडा लहान आहे, पण तिच्या पोलादाचं आयुष्य मोठ्या प्रमाणावर खर्च झालेलं आहे.

गाडीखाली वाकून काय पाहायचं

यावर कोणी म्हणेल, मागच्या मालकाने काय भरलं हे आपल्याला कसं कळणार? तो तर ‘घरचीच गाडी, भाजीपालाच नेला’ असंच सांगणार. सुदैवाने वजन आपल्या खुणा मागे ठेवतं आणि त्या रंगाने झाकल्या जात नाहीत. सर्वांत सोपी चाचणी धर्मकाट्यावर होते आणि तिला फार तर शे-दोनशे रुपये लागतात. रिकामी गाडी काट्यावर चढवा आणि पावती आरसी बुकातल्या रिकाम्या वजनाशी ताडून पाहा. डिझेल आणि स्टेपनीमुळे थोडाफार फरक पडेल, पण गाडी दीडशे-दोनशे किलोने जड निघाली तर कुठेतरी लोखंड वाढवलेलं आहे. जास्तीचे पाटे, चेसिसला मारलेल्या पट्ट्या, जाड हौदा असं काहीतरी सापडेलच. कोणीही हौसेने चेसिसला पट्टी मारत नाही. ती एकतर तडा गेल्यावर मारतात किंवा तडा जाईल इतकं भरायचं ठरवल्यावर.

त्यानंतर गाडीखाली जायचं. पिकअपचा सगळा भार चेसिसच्या दोन लांब पोलादी तुळयांवर असतो. केबिनच्या मागे आणि मागच्या पाट्यांचे टोक जिथे अडकवलेले असतात त्या जागी सर्वांत जास्त ताण येतो, म्हणून तडे आणि वेल्डिंग तिथेच शोधावं. तुळईच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग असेल तर विशेष सावध राहावं. वाकताना सर्वाधिक ताण याच पट्ट्या सोसतात आणि वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या पोलादाचा गुण बदलतो, त्यामुळे पुढचा तडा बहुधा वेल्डिंगच्या कडेलाच जातो. मग गाडी सपाट जागी उभी करून बाजूने पाहावं. केबिन आणि हौदा यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. ती एकीकडे रुंद आणि दुसरीकडे अरुंद असेल तर चेसिस वाकलेली असू शकते.

पाटे स्वतःच बोलतात. रिकाम्या गाडीचे पाटे धनुष्याकृती दिसायला हवेत. ते सपाट किंवा उलटे वाकलेले दिसले तर त्यांचा कस गेला आहे. पाटे मोजावेत आणि कंपनीने किती दिले होते ते विचारून घ्यावं. पाट्यांच्या वर चेसिसला रबराचा ठोकळा असतो. पाटे पूर्ण दबले तर धातूवर धातू आपटू नये म्हणून तो दिलेला असतो. नीट चाललेल्या गाडीत हा ठोकळा क्वचित दबतो. तो चेपलेला, फाटलेला किंवा गायब असेल तर गाडी वारंवार शेवटापर्यंत दबली होती. शेवटी मागची चाकं मागून पाहावीत. अतिभाराने एक्सलचं हौसिंग वाकलं की चाकांचे माथे किंचित आत झुकतात आणि टायरची आतली कड आधी खाल्ली जाते. पुढच्या चाकाची अशी झीज अलाइनमेंटने सुटते. मागच्या चाकाची झीज हौसिंगपर्यंत नेते आणि तो खर्च मोठा असतो.

कमी किलोमीटर, जास्त फेऱ्या

इंजिनाच्या बाबतीतही मीटर दिशाभूल करतो, पण कारण वेगळं आहे. वाशिमची जमीन काळी, चिकण आणि पावसात पाय धरणारी. पांदण रस्त्याने भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ताशी दहा किलोमीटरने निघाली आणि इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर एक किलोमीटरला सहा मिनिटं आणि बारा हजार फेरे लागतात. तीच गाडी डांबरी रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये ताशी साठने त्याच फेऱ्यांवर धावली तर एका किलोमीटरला दोन हजार फेरे पुरतात. मीटरने दोन्हीकडे एकच किलोमीटर लिहिला; पिस्टनने मात्र सहापट घासाघीस केली, तीही कमी वारा आणि जास्त धूळ असलेल्या जागी. म्हणून ऑईल बदलण्याचं अंतर कंपनीच्या पुस्तकात किलोमीटरमध्ये दिलेलं असलं, तरी शेतातल्या गाडीने त्याच पुस्तकातला ‘खडतर वापर’ हा रकाना पाहावा आणि आधीच ऑईल बदलावं.

जुन्या गाडीचं इंजिन तपासायचं तर ते थंड असतानाच सुरू करायला सांगावं. आपण येण्याआधीच गरम करून ठेवलेलं इंजिन अनेक दोष लपवतं. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. भार नसतानाही काळा धूर येत असेल तर डिझेल नीट जळत नाही, दोष पंपात, नोझलमध्ये किंवा हवेच्या वाटेत असू शकतो. चालू इंजिनावर ऑईल भरायचं झाकण जपून उघडावं. तिथून धुराचे भपकारे येत असतील तर पिस्टनच्या रिंगा झिजून ज्वलनाचा वायू खाली उतरतो आहे. मिस्त्री याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. गाडी चालवताना गिअर टाकताच मागे ‘ठक’ असा आवाज आला तर शाफ्टचा क्रॉस आणि ठरावीक वेगाला हुंकार आला तर क्राउन तपासायला हवा.

बीएस-४ की बीएस-६ हा प्रश्नही इथेच येतो. देशभर बीएस-४ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ एप्रिल २०२० पासून लागू झालं. बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत साधारणपणे काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळण्यासाठी त्याला साडेपाचशे-सहाशे अंश तापमान लागतं आणि ते सलग, मोकळ्या धावण्यातून मिळतं. शेत ते गाव, गाव ते शेत अशा छोट्या खेपांत फिल्टर तापतच नाही आणि तुंबतो. त्यामुळे ‘बीएस-४ बरी’ म्हणणाऱ्यांचं सर्वस्वी चुकत नाही. तिची दुरुस्ती सोपी असते. पण त्या गाड्या आता वयाने मोठ्या आहेत. आठ वर्षांपर्यंत मालवाहू गाडीचं फिटनेस प्रमाणपत्र दोन-दोन वर्षांनी नवं करावं लागतं आणि त्यानंतर दरवर्षी. ज्याचा वापर आठवड्यातून दोनदा अकोला किंवा हिंगोलीपर्यंत आहे त्याला बीएस-६ त्रास देणार नाही. मात्र फिल्टर काढून टाकण्याचा मोह टाळावा. ते बेकायदा तर आहेच, शिवाय इंजिनाचा संगणक त्या फिल्टरच्या हिशेबाने चालत असतो.

हंगाम, चिखल आणि टायर

या भागातली देखभाल हंगामाप्रमाणे ठरवावी. मळणीच्या दिवसांत खळ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या रेडिएटरवर सोयाबीनचं कुटार बसतं आणि हवेचा फिल्टर काही दिवसांत गच्च होतो. रेडिएटरची जाळी झटकून घेणं हे पाच मिनिटांचं काम. ते टाळल्यामुळे भरल्या गाडीचं इंजिन तापून हेड गॅस्केट जाणं हे मोठ्या खर्चाचं. पावसाळ्यात काळी माती चेसिसच्या कोनाकोपऱ्यांत चिकटून राहते. ती सुकली तरी आत ओल धरते आणि पोलाद आतून गंजतं, म्हणून पावसाळ्यात दर काही दिवसांनी गाडीचं पोट पाण्याच्या झोताने धुवावं, आणि नंतर पाट्यांच्या पिना व क्रॉसला ग्रीस द्यावं. ग्रीस नुसतं वंगण नाही. ते पाणी आणि मातीला आत येण्यापासून अडवतं. मागच्या ड्रम ब्रेकमध्ये चिखल शिरतो, त्यामुळे पाऊस संपला की ड्रम उघडून साफ करून घ्यावेत.

टायरचा विषय अलीकडे जास्त महत्त्वाचा झाला आहे. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि तो वाशिम जिल्ह्यात कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. गावच्या रस्त्यावर चाळीसच्या वर न जाणारी पिकअप तिथे तासन् तास ऐंशीने धावू शकते. पिकअपच्या नेहमीच्या आकाराचा टायर त्या वेगाला सेकंदाला दहा फेरे घेतो, म्हणजे त्याच्या भिंतीचा प्रत्येक भाग सेकंदाला दहा वेळा दबतो आणि सुटतो. प्रत्येक दाबासोबत रबरात थोडी उष्णता तयार होते. हवा कमी असेल किंवा वजन जास्त असेल तर भिंत जास्त दबते, उष्णता वाढते, आणि उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर ती बाहेर पडायला वाव उरत नाही. टायरच्या भिंतीवर आकाराच्या पुढे भाराचा अंक असतो. १०९ असा अंक असेल तर तो टायर १,०३० किलोपर्यंत पेलतो. मागचे दोन टायर मिळून २,०६० किलो झाले, आणि यात गाडीचं स्वतःचं मागचं वजनही धरायचं. त्याच भिंतीवर चार आकडी निर्मितीची खूण असते; ३५२१ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी खोल असली तरी म्हाताऱ्या रबरावर लांबच्या खेपेचा भरवसा ठेवू नये.

पाटा वाढवला तर गाडीची ताकद वाढते का

जुनी पिकअप घेतली की पहिला बदल बहुतेक जण मागच्या पाट्यांत करतात. एक-दोन पाटे वाढवले की भरलेली गाडी मागे बसत नाही, आणि न बसलेली गाडी मालकाला ताकदवान वाटते. पण पाटे भार पेलत नाहीत, ते भार पुढे पोहोचवतात. हौद्यातलं वजन चेसिसवर, चेसिसवरून पाट्यांवर, तिथून एक्सलवर, बेअरिंगवर, रिमवर, टायरवर आणि शेवटी रस्त्यावर जातं. या वाटेवरची एकच कडी जाड केल्याने बाकीच्या कड्यांची ताकद वाढत नाही. उलट दबून धक्का गिळण्याचं काम पाटे कमी करू लागतात आणि तोच धक्का चेसिसच्या कोपऱ्यांत जातो.

ब्रेकच्या बाबतीत तर हा बदल थेट धोक्याचा आहे. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. रिकाम्या पिकअपचे मागचे ब्रेक पूर्ण जोराने लागले तर चाकं जाम होऊन शेपटी फिरेल. म्हणून अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. एका दांडीने तो चेसिस आणि एक्सल यांच्यातलं अंतर पाहत राहतो. गाडी खाली बसलेली असेल तर तो भार आहे असं समजून मागच्या ब्रेकला पूर्ण दाब जाऊ देतो; गाडी उंच असेल तर ती रिकामी समजून दाब कमी करतो. आता पाटे वाढवले. दोन टन भरूनही गाडी बसलीच नाही. व्हॉल्व्ह तिला रिकामी समजतो आणि मागचे ब्रेक नेमके तेव्हाच ढिले ठेवतो, जेव्हा त्यांची सर्वांत जास्त गरज आहे. पाटे खरोखर थकलेले असतील तर कंपनीच्या मापाचे, तितक्याच संख्येचे नवे पाटे बसवावेत आणि त्यानंतर या व्हॉल्व्हची दांडी जुळवून घ्यावी.

उंचीचंही गणित आहे. वळणावर गाडी किती बाजूचा जोर सोसेल, हे चाकांमधल्या रुंदीच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागलं की अंदाजाने कळतं. रुंदी १.४ मीटर आणि गुरुत्वमध्य ०.९ मीटरवर असेल तर उत्तर ०.७८ येतं. उंच जाळी लावून कापसाचा किंवा कुटाराचा ढीग रचला आणि गुरुत्वमध्य १.३ मीटरवर गेला तर ०.५४. वेगाच्या भाषेत, ज्या वळणावर आधी ताशी ४० ला गाडी उलटण्याच्या मर्यादेवर येत होती, तिथे आता ती ३३ लाच येईल. हौद्याच्या मागे फाळका उघडून माल लोंबवला तर दुसरी अडचण उभी राहते. मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे ठेवलेले २०० किलो, चाकांमधलं अंतर तीन मीटर असेल तर, पुढच्या चाकांवरचा सुमारे ६७ किलो भार उचलून घेतात. स्टिअरिंग हलकं लागतं आणि वळण्याची पकड कमी होते.

मग काही बदलच करू नयेत का? तसं नाही. हौद्यात रबरी पट्टा टाकावा, ताडपत्री बांधण्याचे भक्कम हूक लावावेत, गाडीच्या पोटाला गंजरोधक थर द्यावा, चांगले चिखलपंखे आणि मागे परावर्तक पट्ट्या लावाव्यात. या बदलांनी गाडीचं काम सुधारतं आणि वजनाचा हिशेब जागेवर राहतो. कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे सांगितलं. पुढच्या लोखंडी गार्डवरही डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे. लांब हौदा हवा असेल तर लांब हौद्याचीच कंपनीची आवृत्ती शोधावी.

कागदांचं वजन

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला आणि इथल्या गाड्यांना एमएच-३७ हा क्रमांक मिळतो. बाजारात मात्र शेजारच्या अकोला, बुलढाणा, यवतमाळ, हिंगोलीच्या गाड्याही येतात. गाडी कुठलीही असो, वाहन पोर्टलवर फिटनेस, विमा, कर्जाचा बोजा आणि थकलेली चलानं पाहावीत. बोजा असेल तर बँकेच्या सहीचा नमुना ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. मालकी बदलासाठी नमुना २९ आणि ३० लागतात; परराज्यातली गाडी असेल तर ना-हरकतीचा नमुना २८ही. चेसिसवर कोरलेला क्रमांक आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहावा. नाव न बदलता वर्षानुवर्षं गाडी चालवण्याची सवय विकणाऱ्यालाही महागात पडते. फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याच्यावरच येते. चालकाच्या बाबतीत एक सोय झाली आहे: नोव्हेंबर २०२४ च्या घटनापीठाच्या निकालानुसार हलक्या वाहनाचा साधा परवाना ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीलाही चालतो. माणसांच्या बाबतीत मात्र कायदा कडक आहे. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी विम्यात धरला जातो. हौद्यात बसवलेलं वऱ्हाड किंवा निंदणाच्या मजूर बाया धरल्या जात नाहीत.

जास्त माल, जास्त कमाई?

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. हंगामात बाजार समितीत रांग लागते, चालकाचा रोज द्यावा लागतो. अशा वेळी पंधरा क्विंटलच्या गाडीत पंचवीस क्विंटल टाकल्याशिवाय परवडणार कसं? हिशेब करून पाहू. ७५ क्विंटल सोयाबीन, बाजार ३० किलोमीटरवर. पंधरा क्विंटलने पाच खेपा, पंचवीसने तीन. दोन खेपा वाचल्या, म्हणजे १२० किलोमीटर. गाडी लिटरला १२ किलोमीटर देत असेल आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर ९०० रुपये वाचले. जास्त भाराने जास्त जळालेलं डिझेल यातून वजा करायचंच आहे. दुसऱ्या बाजूला, २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये अतिभारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जास्तीच्या टनाला २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. एकदा पकडलं गेलं की अशा बावीसहून अधिक फेऱ्यांच्या मालिकांची बचत एका पावतीत जाते. आणि दंड कधीच झाला नाही तरी बेअरिंग, टायर आणि क्लच आपली वसुली गॅरेजमध्ये करतात.

वेळेची बचत मात्र खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. ज्याला वर्षभर नियमित पंचवीस क्विंटल न्यायचे आहेत, त्याने पिकअपचे पाटे वाढवण्याऐवजी मोठ्या क्षमतेची जुनी गाडी, उदाहरणार्थ टाटा ४०७ च्या गटातली, पाहावी. तीन टनांच्या वर परवाना लागेल, कर आणि टायर महाग पडतील, पण तो खर्च आधी माहीत असतो आणि खेपेच्या भाड्यात बसवता येतो. ज्याला असं ओझं वर्षातून पंधरा दिवसच असतं, त्याने तेवढ्या दिवसांपुरती दुसरी गाडी भाड्याने घ्यावी. गाडी निवडताना नेहमीच्या सर्वांत जड खेपेचा आकडा आधी कागदावर लिहावा आणि मगच बाजारात उतरावं. असं केलं तर रंग, मीटर आणि विकणाऱ्याचं बोलणं या तिन्हींचं महत्त्व आपोआप कमी होतं.

चौकट : सौद्याआधीचा वजनाचा हिशेब

• आरसी बुक : एकूण वजनातून रिकामं वजन वजा करा, तेवढंच पासिंग.
• धर्मकाटा : रिकाम्या गाडीचं प्रत्यक्ष वजन आरसीशी ताडा; दीडशे-दोनशे किलोचा फरक आला तर कारण शोधा.
• चेसिस : केबिनच्या मागे आणि पाट्यांच्या टोकांपाशी तडे, वेल्डिंग, पट्ट्या, केबिन-हौद्यातली फट.
• पाटे आणि रबरी ठोकळा : संख्या, आकार, चेपल्याच्या खुणा.
• मागची चाकं : आत झुकलेली असतील तर हौसिंग तपासा, टायरचा भारांक आणि निर्मितीचा आठवडा वाचा.
• इंजिन : थंड असतानाच सुरू करा, धुराचा रंग, ऑईलच्या झाकणातून येणारे भपकारे.
• कागद : बोजा, फिटनेस, चलानं, चेसिस क्रमांक, नमुना २९, ३० आणि ३५.
• घेतल्यावर : ऑईल आधी बदला, पावसाळ्यात पोट धुवा, ग्रीस द्या, पाटे मूळ संख्येइतकेच ठेवा.